काकूची कणीक आणि गुंजनची पीएचडी

आमच्या घराण्यात माशांशी संबंध जोडणारी पहिली व्यक्ती म्हणजे माझी पुतणी गुंजन. त्याआधी आम्हा दफ्तरदारांचं माशांशी वैर नव्हतं आणि सोयरीकही नव्हती. पूर्वज साताऱ्याकडून देवासच्या दरबारात कागद सांभाळायला आले. पुढे कागद गेले, दरबार गेला, आम्ही राहिलो. मी वीज मंडळात आयुष्य काढलं. बिल चुकलेलं नाही हे लोकांना पटवता पटवता माझा स्वभाव तिखट झाला, असं माझी बायको कुसुमावती म्हणते. माझं म्हणणं, तो आधीपासूनच तसा होता, मंडळाला उगाच दोष नको.

गुंजन माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ बागलीला असतो, थोडी शेती करतो, थोडं दुकान. बागलीत समुद्र म्हणजे शाळेच्या भिंतीवरच्या नकाशातला निळा रंग. पण ही पोरगी लहानपणी त्या निळ्या रंगावर बोट ठेवून मला विचारायची, "काका, इथं व्हेल राहते ना? आणि इथं?" मी म्हणायचो, "तिथं नकाशा छापणाऱ्याची शाई राहते." त्यावर ती माझ्याकडे ज्या नजरेने बघायची, ती नजर मी पुढे फक्त वरच्या साहेबांकडे पाहिली.

मोठी होऊन तिने प्राणिशास्त्रात एमएससी केलं. समुद्रजीवांच्या अभ्यासासाठी गोव्याला अर्ज केला, तिथं काही नंबर लागला नाही. घरात सगळे सुतकी चेहरे करून बसले होते, आणि ही खुशाल पोहे खात होती. "काका, समुद्र नाही तर तलाब," ती म्हणाली. "पाणी तर पाणीच ना! मासे तिथं पण आहेत." मला ती मुलगी त्या दिवशी फार आवडली. तिला तसं सांगितलं नाही, फक्त पोह्यांवर जास्तीची शेव घातली.

तर अशी ती पीएचडीसाठी देवासला आमच्याकडे राहायला आली. विषय होता, आमच्या घराजवळच्या तळ्यातले रोहू मासे काय खातात. मी म्हटलं, "याला पीएचडी कशाला? घाटावर उभी राहा, दिसेल."

"वरून दिसतं ते थोडंच खरं असतं, काका? पोटातलं बघावं लागतं."

"पोटातलं कसं बघणार?"

तिने आजूबाजूला पाहिलं, काकू देवघरात असल्याची खात्री केली आणि दोन बोटांनी कात्रीची खूण केली. तळ्यावर जाळं टाकणाऱ्यांकडून ती मासे घेणार होती आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत चिरून त्यांची आतडी तपासणार होती. "सगळे असंच करतात. पण काकूला मी सांगितलंय की मी मासे मोजते. प्लीज काका, तुम्ही काही बोलू नका."

काकूला का सांगायचं नाही, हे कळायला माझ्या बायकोची सकाळ माहीत पाहिजे. कुसुमावती पहाटे उठते, आंघोळ करते आणि सोवळ्यात माशांसाठी कणीक मळते. त्या वेळी स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकायचं नाही, परातीला हात लावायचा नाही, जमलं तर त्या दिशेला बघायचंही नाही. मग बोराएवढ्या गोळ्या डब्यात भरून ती माझ्या स्कूटरवर मागे बसते. घाटाच्या शेवटच्या पायरीवर जाऊन हाक मारते, "या गं बायांनो, या!" आणि खोटं वाटेल, पाण्यात काळ्या पाठी दिसू लागतात. आम्हाला मूलबाळ नाही. लोकांनी तिला अनेक उपास सांगितले, ती सगळ्यांना हो म्हणाली आणि केलं ते हे एवढंच. मासे मोठे झाले, मेले, नवे आले, पण हाक तीच राहिली.

म्हणजे एकीचा सकाळी माशांना घास भरवण्याचा नेम, आणि दुसरीची पदवी दुपारी त्याच माशांची पोटं फाडण्यावर अवलंबून. मी या भानगडीत कुठंच नव्हतो. फक्त दोन्ही वेळेला स्कूटर माझी होती.

काम सुरू झालं आणि थोड्याच महिन्यांत गुंजनला खजिना सापडला. माशांच्या आतड्यांत पिवळ्या रंगाचे गोल गोल कण. सूक्ष्मदर्शकाखाली सोन्याच्या मण्यांसारखे चमकायचे. कुठल्याही पुस्तकातल्या शैवालाशी ते जुळेनात. तिच्या मार्गदर्शक अल्पना मॅडम, धारच्या, बोलायला खणखणीत, त्याही चक्रावल्या. "गुंजन, हे नवीन शैवाल निघालं ना, तर आपल्या तळ्याचं नाव होईल बघ!" त्या म्हणाल्या. मग दोघींनी त्या शैवालाचा पिच्छा धरला. तळ्याचं पाणी गाळलं, दगड खरवडले, चिखल उपसला. शैवाल फक्त माशांच्या पोटात सापडायचं, बाहेर कुठंच नाही. मॅडमना वाटलं, अतिशय दुर्मीळ आहे. भोपाळच्या परिषदेत गुंजनने त्यावर मोठा रंगीत तक्ताही लावला आणि तिला बक्षीस म्हणून एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते आमच्या बैठकीत आहे. पाच मिनिटं पुढे चालतं.

अशी दोन वर्षं गेली. विद्यापीठाची मुदत पुढल्या वर्षी संपत होती. तोवर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, पीएचडी संपली. भावाने बागलीच्या एका शाळेत तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. गुंजनला शाळेचं वावडं नव्हतं. पण ती मला म्हणायची, "काका, हे एक काम मला पूर्ण करायचंय. नंतर कुठं पण पाठवा." आता फक्त शेवटचे नमुने आणि त्या शैवालाचं नाव एवढंच राहिलं होतं.

आणि एका रविवारी तिने अंगणातल्या नळाखाली आपला पांढरा एप्रन धुवायला घेतला. खिशाजवळ पिवळा डाग होता. त्यावर साबण घासला तसा तो लालभडक झाला. कुसुमावती तुळशीला पाणी घालत होती. तिने जाता जाता म्हटलं, "हळद सांडलीस वाटतं. उन्हात टाक, उडेल." आणि ती आत गेली. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं, साबण लागला की हळद लाल होते. त्यात विशेष काही नव्हतं.

विशेष होतं ते गुंजनच्या चेहऱ्यावर. त्या एप्रनने आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. त्यावर डाग पडायचे ते प्रयोगशाळेतच. ती तशीच ओल्या हातांनी माझ्या स्कूटरची किल्ली घेऊन पळाली. कॉलेजच्या चौकीदाराला गळ घालून प्रयोगशाळा उघडवली. काचपट्टीवरच्या त्या दुर्मीळ शैवालावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला. लाल. दुसऱ्या पट्टीवर आयोडीनचा थेंब टाकला, तर कण निळेकाळे. म्हणजे पीठ. हे तर सातवीतली पोरं ओळखतात.

दुसरी कुणी असती तर डोक्याला हात लावून रडत बसली असती. ही हसत हसत घरी आली. फाटक उघडं टाकून, चपला उडवून थेट आत. "काकू! काकू! तू माशांच्या कणकेत हळद घालतेस का गं?"

"घालते की. एका थंडीत बिचाऱ्यांच्या अंगावर पांढरे फोड आले होते. तेव्हापासून चिमूटभर घालते. आपल्याला लागते, मग त्यांना नको?"

मला इतकी वर्षं ते बेसन वाटत होतं. पण मला कुणी विचारलंच नव्हतं.

"अगं तेच!" गुंजन खुर्चीवर बसून पोट धरून हसायला लागली. "दोन साल! दोन साल मी आणि मॅडम जिला नवीन शैवाल म्हणत होतो ना, ती तुझी हळद निघाली! भोपाळला बक्षीस पण तुझ्या हळदीलाच मिळालं! एकेका माशाच्या पोटात नुसती तुझी हळद आणि तुझी कणीक..."

ती थांबली, पण उशिरा. कुसुमावतीने हातातला डबा खाली ठेवला.

"पोटात? पोटातलं तुला कसं दिसलं?"

मी पेपर उचलला. तो उलटा होता, हे मला नंतर कळलं. गुंजन खोटं बोलू शकली असती, यंत्राचं वगैरे काही नाव घेऊन. तिने तसं केलं नाही. खाली मान घालून सगळं सांगितलं.

माझ्या बायकोने आकांडतांडव केलं असतं तर मला हायसं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "मी हाक मारते म्हणून ती येतात, गुंजन. माणसाची भीती मीच त्यांची घालवली. हाकेला येणाऱ्याला कुणी कापतं का?"

दुसऱ्या दिवशी परात कोरडी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. कुसुमावतीने गुंजनला जेवायला वाढलं, तिचं डोकं दुखत होतं तेव्हा बाम चोळला, पण तळ्याचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाली, "आता मी बोलावलं तर ते फसवणं होईल." घरात काही माणसं रुसतात तेव्हा भांडी आपटतात. माझ्या बायकोने भांडी अगदी हळू ठेवायला सुरुवात केली आणि त्या शांततेने मला भंडावून सोडलं. शेवटी मीच गुंजनवर ओरडलो, "तुझे मासे, तुझी काकू, तुझी पदवी! बघ काय ते!"

ती पहाटे एकटीच घाटावर गेली. उजाडल्यावर परतली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून, उंबऱ्याच्या अलीकडून, म्हणाली, "काकू, ते सगळे येऊन थांबलेत. शेवटच्या पायरीजवळ. वर तोंड करून बघतात. मी हात हलवला तर माझ्याकडे पण आले. माझ्याकडे कशाला आले ते, सांग ना? मला एकदम कसंतरी झालं."

गुंजनने डोळे पुसले. "आता मी एक पण मासा कापणार नाही. परत पहिल्यापासून करीन."

अल्पना मॅडमचा फोनवरचा आवाज इतका मोठा होता की तो मला बैठकीत ऐकू आला. "डोकं ठिकाणावर आहे का? दोन वर्षांचं काम आहे! मुदत विसरलीस?" गुंजन शांतपणे म्हणाली, "मॅडम, ते काम पण चुकलंच आहे ना. आपण हळद मोजत होतो." मग मॅडम हसू लागल्या. हसू आवरल्यावर म्हणाल्या, "न मारता काय करणार आहेस, ते लिहून आण. पण मुदत मी वाढवून देऊ शकत नाही, हे लक्षात ठेव."

उपाय सोपा होता आणि आमच्या घराण्याला शोभणारा अजिबात नव्हता. मासा अलगद धरायचा, स्वच्छ पाण्याच्या टबात काही वेळ ठेवायचा. तो आपला विधी उरकतो. मग त्याला सोडायचं, आणि टबाच्या तळाशी उरेल ते तपासायचं.

"म्हणजे त्यांना काही होणार नाही?" कुसुमावतीने विचारलं.

"काही नाही गं. थोडा वेळ बसतील, आपलं काम करतील, घरी जातील."

"आणि तू?"

"मी त्यांनी केलेलं काम तपासीन."

मी म्हणालो, "शाब्बास! पूर्वज दरबाराचे कागद तपासायचे, आता ही हे तपासणार." कोणी हसलं नाही. मग कुसुमावतीलाच हसू फुटलं, पदरात मावेना. त्या हसण्याची मी इतके दिवस किती वाट पाहत होतो, ते माझं मलाच तेव्हा कळलं.

तिने माळ्यावरचं पितळेचं घंगाळ काढून दिलं. गुंजन म्हणाली, पितळेतलं तांबं माशांना बाधतं. मग गोधड्या भिजवायचा निळा प्लास्टिकचा टब मिळाला. वर अटी घातल्या. हाक काकू मारणार, गोळ्या काकू टाकणार, प्रत्येक मासा तिच्या डोळ्यांदेखत परत पाण्यात जाणार. "आणि गुंजन, माझ्या कणकेला तू हात लावायचा नाहीस. मी सांगेन तेव्हा."

"कधी सांगशील?"

"सांगेन."

मग जे वर्ष गेलं ते आमच्या घरातलं सर्वांत गोंगाटाचं आणि सुखाचं वर्ष. रोज सकाळी स्कूटरवर मी, मागे बायको, तिच्या मांडीवर टब, आणि गुंजन सायकलवर. घाटावर फिरायला येणारे विचारायचे, "काकाजी, माशांना न्हाऊ घालता का?" मी म्हणायचो, "हो भिया, तुमचाही नंबर लावू?" रोहूच्या ओल्या अंगाखाली हात घालून गुंजन त्याला टबात ठेवायची आणि त्याच्याशी गप्पा मारायची. "चला साहेब, लवकर करा, मला प्रबंध द्यायचाय." एक मोठा मासा कधीच काही करायचा नाही. त्याला आम्ही मंडळाचा अभियंता म्हणायचो.

आणि ज्या हळदीने तिची दोन वर्षं खाल्ली, तीच हळद कामी आली. कल्पना गुंजनची. ती म्हणाली, "काकूची हळद आपण काढायची कशाला? तीच खूण समजू." पलीकडच्या काठाला, कमळांच्या उथळ पाण्यात धरलेल्या माशांचंही ती तपासू लागली. तिथंही पिवळं निघालं. म्हणजे घाटावर जेवणारे मासेच तळं ओलांडून तिकडे जात होते. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्या कमळांखालीच बसत होते आणि खऱ्या शैवालावर जगत होते. घाटावरची कणीक म्हणजे नुसता नाश्ता, पोटभर जेवण तिकडे. त्या काठावर फरसबंदी करून फिरायची वाट बांधायचं घाटत होतं. गुंजनने आपले आकडे पालिकेत नेऊन दाखवले आणि वाट कमळं सोडून वरच्या बाजूने आखली गेली.

प्रबंध मुदतीच्या आत गेला. शेवटची पानं आमच्या जेवणाच्या टेबलावर जुळवली गेली, त्यामुळे एका पानाला आमटीचा वास आहे.

तोंडी परीक्षा उज्जैनला होती. कुसुमावती महेश्वरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली, मी तिच्या शेजारी. परीक्षक रत्नागिरीचे होते, सगळा जन्म समुद्रात काढलेले, उन्हाने रापलेले. ते अल्पना मॅडमपेक्षा कमी बोलत, म्हणून मला जास्त भीती वाटत होती. गुंजनने सगळं मांडलं. फसलेलं शैवालही लपवलं नाही, भोपाळचं घड्याळसुद्धा सांगितलं. सभागृह हसलं. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "हळदीची खूण मी कुठं वाचलेली नाही. मासा जिवंत ठेवून त्याचा माग लावायची ही पद्धत तुम्हाला सुचली कशी?"

"सर, मला नाही सुचली आधी. हळद काकूची, आणि मासा जिवंत ठेवायचा, हे पण काकूचंच. मी नंतर फक्त मोजलं," गुंजन म्हणाली आणि तिने पहिल्या रांगेकडे हात केला.

परीक्षक खाली उतरून आमच्यासमोर आले आणि त्यांनी वाकून नमस्कार केला. कुसुमावती गोंधळली. काहीतरी बोलायला हवं म्हणून अगदी मनापासून म्हणाली, "तुमच्या समुद्रातल्या माशांनाही देत जा थोडी. मीठ काय, त्यांना तिथं आहेच. हळद तेवढी लावा."

परीक्षकांचा चेहरा आधी गंभीर होता, मग ताणला गेला, मग ते खुर्चीचा आधार घेऊन इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "काकू, आमच्या रत्नागिरीला माशाला हळद-मीठ लावल्यावर पुढे काय होतं, ते मी तुम्हाला सांगणार नाही!"

कुसुमावतीला काहीच कळलं नाही. "चांगलंच होत असेल," ती म्हणाली. परीक्षकांनी डोळे पुसत सांगितलं की डॉक्टर गुंजन दफ्तरदार यांचं अभिनंदन. अल्पना मॅडमने गुंजनला मिठी मारली. मी उगाच खिडकीबाहेर बघत बसलो, तिथं बघण्यासारखं काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीच्या वेळेला घाटावर गेलो. टब घरीच ठेवला होता. कुसुमावती शेवटच्या पायरीवर गेली, हाक मारली आणि पाण्यात काळ्या पाठी जमू लागल्या. तिने डब्याचं झाकण काढलं. मग मागे वळली आणि डबा गुंजनपुढे धरला.

"घाल."

गुंजन जागची हलली नाही. पदवी मिळाली तेव्हा ती हसली होती, आता तिला रडू कोसळलं. "काकू, मी घालू? खरंच?"

"मी सांगेन तेव्हा, म्हटलं होतं ना? घाल. ती वाट बघतायत."

गुंजनने एक पिवळी गोळी उचलली, पाण्याजवळ वाकली आणि हाक मारली, "या गं बायांनो." आवाज हुबेहूब काकूचा नव्हता, थोडा बागलीचा होता. पण मासे आले. तो आमचा अभियंताही आला आणि त्याने थेट तिच्या बोटांतून गोळी ओढून नेली. कुसुमावतीने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि दोघी तशाच पाण्याकडे बघत बसल्या. इतक्या वर्षांत मी त्या पायरीवर कधी उतरलो नव्हतो. त्या दिवशी मीही खाली गेलो आणि डब्याकडे हात नेला.

"अहो, स्कूटरचे हात आहेत ते," माझी बायको म्हणाली. "आधी धुवून या."

मी धुतले.